बेस्टचे ग्राहक: हरित वीज घ्यावी की गच्चीवर सौर?

तुमचे प्रश्न दोन. अंधेरीच्या भावाला अदानी सोडून टाटाकडे जाता आलं, मग दादरला तुम्हाला बेस्ट, म्हणजे मुंबई महापालिकेचा वीज उपक्रम, का सोडता येत नाही? आणि सोसायटीने बेस्टकडून हरित वीज घ्यावी की गच्चीवर सौर पॅनेल बसवावीत?

पहिल्याचं उत्तर 2003 च्या वीज कायद्यात आहे. आधीपासून वीज वितरण करणाऱ्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या तारांवरून ग्राहकाला दुसऱ्याची वीज मागता येत नाही, अशी सूट कलम 42 मध्येच दिली आहे. बेस्ट 1947 पासून महापालिकेची, त्यामुळे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत ही सूट लागू होते. टाटा पॉवरचा परवाना शहर भागातही आहे, पण तिला स्वतःची केबल तुमच्या इमारतीपर्यंत आणावी लागेल. मला स्वतःला वितरण पालिकेकडे राहिलं याचं समाधानच आहे.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. बेस्ट आज वीज विकत घेऊन विकते. वर्षानुवर्षं त्यातला मोठा वाटा टाटाचा: ट्रॉम्बेचा कोळसा आणि गॅस, शिवाय खोपोली, भिवपुरी, भिऱ्याची जलविद्युत. तुम्ही हरित विजेसाठी अर्ज केलात तर तुमच्या वापराइतकी अपारंपरिक, म्हणजे सौर, पवन वगैरे, वीज बेस्ट तुमच्या नावावर धरते. 2021 मध्ये वीज नियामक आयोगाने त्यासाठी युनिटमागे 66 पैसे जादा ठरवले होते. त्या दराने सामाईक मीटरच्या 2000 युनिटला महिना 1320 रुपये होतात. आजचा दर बेस्टच्या कार्यालयात विचारून घ्या. भाडेकरूंना किंवा ज्यांच्याकडे गच्चीच नाही त्यांना हा मार्ग चांगला. तुमच्याकडे गच्ची आहे, म्हणून मी आधी सौरच म्हणेन.

किलोवॅटमागे साधारण 10 चौरस मीटर मोकळी, ऊन येणारी जागा धरा. मुंबईत वर्षाची सरासरी काढली तर एक किलोवॅट दिवसाला चारेक युनिट देतो. पावसाळ्यात बरंच कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. 20 किलोवॅट बसले तर महिन्याला सुमारे 2400 युनिट, म्हणजे लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे बहुतेक निघून जातात. लिफ्ट रात्री जास्त चालते ही अडचण नाही. नेट मीटरिंगमध्ये दुपारचे जादा युनिट बिलात वळते होतात. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे 20 किलोवॅटला 3 लाख 60 हजार.

कोटेशन मागवण्याआधी सकाळी दहाला आणि दुपारी तीनला गच्चीवर जाऊन सावल्या बघा. टाकी, लिफ्टची खोली, डिश अँटेना आणि शेजारी उभा राहणारा टॉवर. पॅनेलच्या कोपऱ्यावर पडलेली सावलीसुद्धा उत्पादन खाते. वॉटरप्रूफिंग पॅनेलच्या आधी उरकून घ्या, नंतर सांगाडा उचलून ते करणं फार महाग पडतं. पावसाळ्यातला वारा लक्षात घेऊन सांगाड्याचा आराखडा स्ट्रक्चरल इंजिनियरकडून तपासून घ्या. कबुतरांची घाण धुवायला गच्चीत नळ हवाच. आणि इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी, असून पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर थांबा. तोवर हरित वीज घ्या.

एक गैरसमज नेहमी दिसतो: वीज गेली तरी सौरवर लिफ्ट चालेल. नाही चालणार. लाइनवर काम करणाऱ्यांच्या जिवाला धोका नको म्हणून बॅटरी नसलेली यंत्रणा ग्रिड, म्हणजे बाहेरून येणारा वीजपुरवठा, बंद पडताच आपोआप बंद होते. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई अंधारात गेली तेव्हाही अशी पॅनेलं वीज देऊ शकली नसती.

शेवटचं, आणि हे मी कळकळीने सांगतो. बेस्टने कुणाकडून, किती वर्षांसाठी, कोणत्या दराने वीज घ्यायची याला आयोगाची मंजुरी लागते. दरवाढीची याचिका आली की आयोग हरकती मागवतो आणि जनसुनावणी घेतो. साध्या ग्राहकालाही लेखी हरकत देता येते, वकील लागत नाही. पत्रात ग्राहक क्रमांक घाला, याचिकेतलं वीजखरेदीचं कोष्टक उघडा आणि कोळशाच्या विजेचे करार संपताना त्या जागी काय घेणार, एवढंच विचारा. सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र गेलं तर आणखी चांगलं. तुमचं पत्र तयार झालं की इथे टाका, मी वाचून सुचवतो.