एकट्यानं फिरायला जायची भीती कशी घालवावी? पहिल्यांदा कुठं जावं?

तुम्ही लिहिलंय की वय २६, नोकरी आहे, पैशाची अडचण नाही, पण अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. कुठं जावं, खर्च किती येईल, आणि पहिल्या खेपेला एखादा बोलका मित्र बरोबर नेला तर चालेल का, असं विचारलंय. त्या शेवटच्या प्रश्नापायी मी लिहायला बसलो. नका नेऊ. बोलका मित्र तर अजिबात नको.

मी अडखळत बोलतो. लहानपणापासून. 'क'वर सगळ्यात जास्त, आणि माझं गाव कराड. शिकायला कोल्हापूरला होतो, शनिवारी एसटीनं घरी यायचो. कंडक्टर दोन सीट पुढं आला की छातीत धडधड सुरू व्हायची. 'कुठं?' असं विचारून तो मशीनवर बोट ठेवून उभा राहायचा, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटून बसायची. 'सातारा' मात्र सहज यायचं. म्हणून मी साताऱ्याचं तिकीट काढायचो आणि कराडला उतरायचो. दोन वर्षं. कराडहून सातारा पुढं पन्नासेक किलोमीटर आहे. तेवढे जादा पैसे दर आठवड्याला भरले आणि घरी हिशेब देताना वह्या-झेरॉक्सच्या नावावर टाकले. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

घरी दादा. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. हॉटेलात, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडं तोच बोलायचा. 'तू थांब, मी बोलतो.' कोणी मला नाव विचारलं तरी उत्तर त्याच्याकडून. मायेनंच करायचा, त्यात शंका नाही. पण मिसळ हवी असताना मी कितीतरी वेळा वडा-सांबार खाल्लंय, कारण त्यानं ते सांगून टाकलेलं असायचं. तुमचा बोलका मित्र नेमकं हेच करेल. चार दिवस तुम्ही त्याच्या मागं उभे राहाल आणि घरी येऊन म्हणाल, छान झाली ट्रिप.

२०१६च्या जानेवारीत आम्ही दोघं कोकणात जाणार होतो. त्याची रजा ऐनवेळी रद्द झाली. पुढच्या महिन्यात जाऊ, म्हणाला. मी म्हटलं, मी जातो. आई गप्प झाली. दादा म्हणाला, 'जा की. कुठं अडकलास तर फोन लाव आणि त्यांच्याकडं दे, मी बोलतो.' त्या वाक्यानं मी निघालो. तोवर माझंही पक्कं नव्हतं.

एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास असतो, चार किंवा सात दिवसांचा. तो काढला असता तर तिकीट मागायचा प्रश्नच नव्हता. डेपोच्या खिडकीपर्यंत जाऊन परत फिरलो. गावाचं नाव तोंडानं घ्यायचं नसेल तर मग जायचं कशाला? तरी धीर झालाच नाही. कराड-चिपळूण गाडीत मी चिठ्ठी पुढं केली, 'चिपळूण, १'. कंडक्टर भला माणूस. त्याला वाटलं मुका आहे. त्यानं खुणा करून सुटे पैसे मागितले, पाटण आलं तेव्हा खांद्यावर हात ठेवून 'अजून लांब आहे' असं हातानंच दाखवलं. कुंभार्ली घाट उतरेपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत होतो आणि डोळे भरून येत होते. अडखळल्यावर लोक हसले, त्याचं मला कधी इतकं लागलं नव्हतं. चिपळूण स्टँडवर चिठ्ठी फाडली. पुढच्या गाडीत 'गुहागर' तिसऱ्या झटक्याला आलं.

गुहागरात एका घरी राहायची सोय झाली. सकाळी काकूंनी विचारलं, पोहे की घावन? 'घ'सुद्धा माझ्या वैऱ्यांपैकीच. पोहे म्हणालो असतो तर सुटलो असतो. काकू उलथनं हातात धरून दारात उभ्या राहिल्या, माझं सांगून होईपर्यंत. ते घावन आणि नारळाची चटणी मला अजून आठवते.

तिसऱ्या दिवशी हेदवीला गेलो. दशभुज गणपतीचं दर्शन घेऊन खाली समुद्रावर उतरलो. उमामहेश्वराच्या देवळाजवळ बामणघळ आहे, काळ्या कातळाला पडलेली लांब, अरुंद चीर. भरतीला लाट तिच्यात शिरते, पुढं जायला जागा नसते, मग कोंडलेलं पाणी कारंज्यासारखं वर उसळतं. मी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते आणि तळाला पाणी नुसतं डचमळत होतं.

देवळाच्या पायरीवर एक आजोबा बसले होते. त्यांना विचारायचं होतं, 'भरती कधी?' दोन शब्द. 'भ'ला ओठ मिटले ते उघडेनात. एव्हाना दादानं विचारून, उत्तर ऐकून, मला समजावूनही सांगितलं असतं. आजोबा बघत राहिले. त्यांनी मान वळवली नाही, शब्द पुरा करून दिला नाही, 'सावकाश सांगा' असंही म्हणाले नाहीत. शब्द आल्यावर मात्र लगेच विचारलं, 'आज षष्ठी. सहाची पाऊणपट किती हो?'

'साडेचार.'

'मग साडेचारला पूर्ण भरती. तिथीची पाऊणपट करायची, झालं. दशमी असली तर साडेसात.'

भरती रोज पाऊण तासापेक्षा थोडी जास्त पुढं सरकते, म्हणून हा हिशेब जमतो, हे मला नंतर कळलं. मग त्यांनी विचारलं, कुठले तुम्ही? आलाच तो 'क'. बराच वेळ लागला. ऐकल्यावर म्हणाले, 'म्हणजे कोयनेकाठचे. तुमची कोयना वीज करून आमच्या वाशिष्ठीत येते की.' खरंच आहे. कोयनेचं पाणी वीजघरातून वाशिष्ठीत सोडतात आणि ते चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला जातं. ज्या गावाचं नाव घ्यायला मी दोन वर्षं पैसे भरून टाळाटाळ केली, त्या गावाच्या नदीवर आम्ही तासभर बोललो. मी अडखळतच बोललो, पण बोलत होतो मीच.

दुपारी जेवायलाही हललो नाही. चारच्या पुढं घळ गर्जायला लागली. पहिलं मोठं पाणी दोन पुरुष उंच उडालं, माझा शर्ट चिंब झाला आणि मी एकटाच मोठ्यानं हसत सुटलो. त्या आवाजात कोणालाच काही ऐकू जाणार नव्हतं. मी 'कराड' म्हणून ओरडलो, मग माझं नाव, मग दादाचं. एकटं असताना किंवा सगळ्यांबरोबर आरती म्हणताना अडखळणाऱ्या बहुतेकांची जीभ मोकळीच असते, तेव्हा ते स्पष्ट येणारच होतं. पण इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या आवाजानं कधी झाला नव्हता.

परतताना चिपळूण स्टँडला कराडची गाडी भरलेली होती. कंडक्टर आला. 'कुठं?' क... क... मागची बाई वाकून बघायला लागली. 'सातारा' जिभेवर तयार होतं, तरी मी 'क' सोडला नाही. कंडक्टर थांबला. शब्द आल्यावर 'एक ना?' एवढंच म्हणाला आणि तिकीट दिलं. ते तिकीट मी जपून ठेवलं, पण त्यावरची शाई आता पार उडालीये.

दादा अजून म्हणतो, 'तू आजही अडखळतोसच, मग फरक काय पडला?' त्याला तोंडावर सांगून झालंय, इथंही लिहितो. फरक हा की मागच्या महिन्यात हॉटेलात वेटर आला, दादानं तोंड उघडलं, आणि मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. मिसळ मीच मागवली. वेळ लागला. दादा तोवर पाण्याच्या ग्लासाकडं बघत बसला. मला वाटतं, माझ्या अडखळण्याची भीती माझ्यापेक्षा त्यालाच जास्त होती. तुमच्या भीतीतसुद्धा तुमची स्वतःची किती आणि घरच्यांनी हातात दिलेली किती, ते एकदा बघा.

खर्चाचं राहिलंच. माझे तेव्हा चार दिवसांचे साडेतीन हजार झाले होते, आता जास्त धरा. पहिल्यांदा लांब जाऊ नका. एसटीनं अर्ध्या दिवसात परत येता येईल असं गाव बघा, जिथली भाषा तुमची आहे. हेदवीला गेलात तर पुढं तावसाळहून फेरीबोटीनं जयगडला उतरून गणपतीपुळेही करता येतं, मी ते दुसऱ्या खेपेला केलं. घळीच्या कडेला शेवाळं असतं, लाटेला जोर असतो, तिथून लांब उभे राहा. पावसाळ्यात तर जाऊच नका. आणि प्रवासानं अडखळणं बरं होतं असं मी म्हणत नाही. माझं झालेलं नाही. त्याला स्पीच थेरपिस्ट असतात, मी नंतर गेलो, उपयोग झाला. तुमची धास्ती रात्रीची झोप उडवण्याइतकी असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. बाईमाणसानं एकटीनं जाण्यात वेगळ्या काळज्या असतात, त्यावर मी बोलणं बरोबर नाही.

हेदवीला गेलात, तर भरतीची वेळ मोबाइलवर बघू नका. पायरीवर कोणी बसलेलं असेल, त्यांना विचारा.