व्हीएचएल नॉर्मल आला म्हणून थांबू नको

बेटा,

रात्री तुझा मेसेज वाचला, "मॅडम, व्हीएचएल जीनचं सिक्वेन्सिंग नॉर्मल आलं, तरी हिफ प्रोटीनचा बँड (पट्टी) जात नाहीये, प्रयोग फसला का?" नाही फसला गं, मायटोकॉन्ड्रियाकडे बघायचं राहिलंय तेवढं.

व्हीएचएल म्हणजे ट्यूमर अडवणारा पहारेकरी, आणि हिफ म्हणजे ऑक्सिजन कमी पडला की सेलला सावध करणारं प्रोटीन. व्हीएचएल हिफला पकडून तोडायला पाठवतो, पण ओळखतो तो त्याच्यावरच्या हायड्रॉक्सिलच्या खुणेवरून, आणि ती खूण लावतं पीएचडी (प्रोलिल हायड्रॉक्सिलेज, डिग्री नव्हे) नावाचं एन्झाइम, ऑक्सिजन आणि अल्फा-कीटोग्लुटारेट वापरून, ते करताना त्यातून सक्सिनेट सुटतं. आता एसडीएच, म्हणजे सक्सिनेट डीहायड्रोजनेज हे मायटोकॉन्ड्रियातलं एन्झाइम, बिघडलं की सक्सिनेटचं फ्युमरेट होत नाही, ते साचत जातं, संत्र्याच्या सीझनमध्ये नागपूरच्या कळमना बाजारात माल उतरला नाही की गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते ना, तसं ते मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेर येतं आणि पीएचडीलाच अडवतं. खूण नाही म्हणून हिफ टिकतो आणि सेल ऑक्सिजन असूनही नसल्यासारखी वागते, ग्लुकोज ओढते, नव्या रक्तवाहिन्यांचे सिग्नल सोडते. व्हीएचएल धडधाकट आहे, त्याच्यापर्यंत काम पोचतच नाही!

म्हणून तर एसडीएचला स्वतःलाच ट्यूमर सप्रेसर (ट्यूमर रोखणारं) म्हणतात, २००० साली त्याचा एक भाग बनवणाऱ्या एसडीएचडी जीनमधली म्युटेशन्स पॅरागँग्लिओमा या ट्यूमरचा त्रास असलेल्या कुटुंबांत सापडली. पी५३ या दुसऱ्या ट्यूमर सप्रेसरचं पण नातं मेटाबॉलिझमशी असंच, तो मॅलेटपासून पायरुव्हेट बनवणाऱ्या मॅलिक एन्झाइम्सना दाबतो, त्यातलं एमई२ मायटोकॉन्ड्रियातलं, आणि २०१३ च्या कामात दिसलं की ही एन्झाइम्स कमी केली तर उलट पी५३ च जागा होतो आणि सेल वाढायची थांबते. म्हणजे हुकूम दोन्हीकडून चालतो, मला तर हे अजून थक्क करतं.

एक सांगते, मी शिकत असताना हायपॉक्सिया (कमी ऑक्सिजनच्या) चेंबरमधून सेल्सची प्लेट काढून कॉरिडॉरच्या त्या टोकाला सेंट्रिफ्यूजपर्यंत नेली, वाटेत कोणाशी तरी बोलत उभी राहिले, आणि बँड गायब. ऑक्सिजन मिळाला की हिफ पाच-एक मिनिटांत अर्धा होतो, ते त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं, तीन आठवडे गेले माझे. तू घाई नको करू, पण लायसिसला, म्हणजे सेल फोडायला, मात्र कर, बफर आधीच बर्फावर ठेव, आपल्या मे महिन्यात तर बर्फ पण टिकत नाही.

आता सक्सिनेट आणि फ्युमरेट दोन्ही मोजून घे, आणि एका प्लेटला अल्फा-कीटोग्लुटारेटचं सेलमध्ये शिरणारं एस्टर दे, एक प्लेट नुसती ठेव. बँड फिका झाला तर पीएचडीला सक्सिनेटच अडवत होतं असं समज आणि लगेच फोन कर, रात्र असली तरी चालेल.

तुझी मॅडम