बँकेने नुसतं ‘नाही’ म्हटलं तर आधी काय करायचं

दादा, सातपूरच्या वर्कशॉपसाठी ओव्हरड्राफ्टचं करंट खातं मागितलंत आणि ‘सिस्टीममध्ये बसत नाही’ एवढंच ऐकून परत आलात. मन खट्टू होणारच. पण रागाच्या भरात दुसऱ्या बँकेत अर्ज टाकू नका. नवे लोक इथेच चुकतात. ओव्हरड्राफ्ट म्हणजे खात्यात आहेत त्यापेक्षा जास्त पैसे ठरलेल्या मर्यादेपर्यंत काढायची सोय, म्हणजे कर्जच. प्रत्येक अर्जाची चौकशी क्रेडिट रिपोर्टवर (तुमच्या कर्जांच्या आणि फेडीच्या नोंदवहीत) नोंदली जाते, आणि थोड्या दिवसांत चार-पाच दिसल्या की पुढची बँक बिचकते.

सध्या एवढंच करा:

१. नकाराचं कारण लेखी मागा. कर्ज नाकारलं तर मुख्य कारण लेखी कळवावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

२. क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिलसह ही नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्या वर्षातून एकदा तो फुकट देतात. नुसता स्कोअर पाहू नका, एकेक खातं वाचा. माझं फेडलेलं मोटरसायकलचं कर्ज तीन वर्षं ‘चालू’ दिसत होतं! एनओसी (कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला) जोडून त्या कंपनीकडे तक्रार केली, तेव्हा दुरुस्त झालं. अशी तक्रार ३० दिवसांत सुटली नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

३. पॅन, आधार, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) या सगळ्यांवर नाव एकच हवं.

महिनाभरात बँकेने उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, फी नाही. ‘स्कोअर वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला ओटीपी अजिबात देऊ नका.

रिपोर्टमधली एखादी ओळ कळली नाही तर विचारा. ओव्हरड्राफ्टची मर्यादा किती मागायची ते नंतर बघू.