दीड महिन्याच्या शिंगराला जंताचं औषध आणि लसी आत्ताच द्याव्यात का?

तुमचं शिंगरू दीड महिन्याचं आहे, पोट जरा सुटल्यासारखं दिसतं, म्हणून जंताचं औषध आणि सगळ्या लसी एकदमच उरकून घ्याव्यात का, असं तुम्ही विचारलंय. मी घोड्या पाळतो, शिंगरं वाढवतो. माझ्या मते तरी एकदम काही उरकू नका. औषधाला थोडं थांबा. लसींसाठी आधी घोडीला कुठल्या लसी कधी टोचल्या होत्या ते शोधून काढा.

या वयात खरी धास्ती गोलजंतांची, म्हणजे पॅरास्कॅरिसची. त्यांची चिकट अंडी तबेल्याच्या भिंतींना, घोडीच्या आचळांना चिकटून राहतात आणि वर्षानुवर्षं जिवंत असतात. शिंगरानं ती गिळली की अळ्या यकृतातून फुप्फुसात जातात, खोकल्याबरोबर घशात येतात, पुन्हा गिळल्या जातात आणि आतड्यात मोठ्या होतात. या सगळ्याला 10 ते 12 आठवडे लागतात. त्यामुळे आत्ता लीद तपासली तर अंडी दिसणारच नाहीत, आणि तेवढ्यावरून जंत नाहीत असं धरून चालू नका.

पहिला डोस 2 ते 3 महिन्यांच्या दरम्यान द्यावा, आणि तो फेनबेंडाझोलच्या गटातला असावा. अनेक ठिकाणी गोलजंत आयव्हरमेक्टिनला दाद देत नाहीत. मॉक्सिडेक्टिन तर इतक्या लहान जिवाला अजिबात नको. डोस जरा जास्त झाला तरी मेंदूवर परिणाम होतो. डोस अंदाजानं देऊ नका, छातीच्या घेराची वजनपट्टी लावून वजन काढा. आणि पेस्ट देण्याआधी तोंडात दूध किंवा चारा नाही ना ते बघा. नळी ओठाच्या कोपऱ्यातून, दात नसलेल्या जागेतून आत घाला, पेस्ट जिभेच्या मागच्या भागावर सोडा आणि गिळेपर्यंत तोंड वर धरा. नाहीतर अर्धं औषध खाली थुंकलेलं सापडतं.

समजा चार-पाच महिन्यांचं शिंगरू खंगलंय, केस राठ झालेत, खोकतंय, पोट मात्र नगाऱ्यासारखं. अशा वेळी स्वतःच्या मनानं औषध पाजू नका. आतड्यात पेन्सिलएवढ्या जाडीच्या, वीत-दीड वीत लांबीच्या पांढुरक्या जंतांचा गुंता असू शकतो. ते सगळे एकदम लुळे पडले तर आतडं तुंबतं, आणि त्यात शिंगरू दगावूही शकतं. पशुवैद्याला बोलवाच.

दुसरा डोस दूध तोडायच्या सुमारास, 4 ते 6 महिन्यांच्या दरम्यान, लीद तपासूनच द्या. दर महिन्याला औषध पाजायची सवय मला बिलकूल पटत नाही. त्यातूनच औषधाला न जुमानणारे जंत तयार होतात. त्यापेक्षा चरायच्या जागेतली लीद आठवड्यातून दोनदा उचला आणि दाणा जमिनीवर टाकू नका.

आता लसी. विण्याआधी 4 ते 6 आठवडे घोडीला बूस्टर झालेला असेल आणि शिंगरानं पहिल्या काही तासांत पोटभर चीक प्यायला असेल, तर आईची प्रतिपिंडं त्याच्या रक्तात आहेत. ती असताना टोचलेली लस बरीचशी वाया जाते. अशा शिंगराला धनुर्वाताची लस 4 ते 6 महिन्यांचं झाल्यावर सुरू करा, 4 ते 6 आठवड्यांनी दुसरी, आणि 10 ते 12 महिन्यांचं झालं की तिसरी. इन्फ्लुएन्झा आणि रेबीज सहाव्या महिन्यापासून.

घोडीला लसच झालेली नसेल, किंवा झाली की नाही हेच माहीत नसेल, तर मात्र धनुर्वातासाठी थांबू नका. घोड्यांना हा रोग फार चटकन होतो. जंतू मातीत असतात, आणि नाळेच्या जखमेतूनही आत शिरतात. याच आठवड्यात पशुवैद्याशी बोला, तुमच्या शिंगराच्या वयातही ही लस सुरू करता येते. त्या दिवशी अंगात ताप असेल किंवा जुलाब होत असतील तर तेही आधी सांगा, मग लस टोचायची की थोडं थांबायचं ते पशुवैद्य ठरवतील.