कर्बोदके कमी केली. आता गोळ्या कोणत्या घ्याव्यात?

प्रश्न : दहा दिवसांपूर्वी मी धान्ये, साखर आणि कंदमुळे पूर्णपणे बंद केली. तेव्हापासून डोके दुखते, अंगात त्राण राहत नाही आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. कोणत्या जीवनसत्त्वाची कमतरता झाली असेल?

उत्तर : बहुधा कोणत्याच नाही. एरवी नीट जेवणाऱ्या माणसाच्या शरीरातील जीवनसत्त्वांचे साठे दहा दिवसांत संपत नाहीत. तुमच्या तक्रारी मिठाच्या आणि पाण्याच्या वाटतात. यकृतात व स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (म्हणजे साखरेच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असते. हा साठा खर्च होऊ लागला की ते पाणी सुटते, आणि त्याच सुमारास इन्शुलिनची पातळी उतरल्यामुळे मूत्रपिंडे सोडियम धरून ठेवण्याऐवजी लघवीवाटे सोडून देतात. (पहिल्या आठवड्यात वजनकाट्यावर जी घट पाहून आनंद होतो, तीही बरीचशी या पाण्याचीच असते.) अशा वेळी नुसते पाणी पीत राहिल्याने सोडियमची तूट भरून निघत नाही. जेवणातील मीठ तोडू नये आणि काही दिवस मीठ घातलेले गरम सूप दिवसातून एकदा-दोनदा घ्यावे. बहुतेकांना एवढ्याने आराम पडतो.

हा सल्ला सर्वांसाठी नाही. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असेल, तर मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना आहार बदलल्यावर उठताना चक्कर येऊ लागली, तर औषधाची मात्रा आता जास्त होत असण्याची शक्यता असते. तेथे मीठ वाढवणे हा उपाय नव्हे, मात्रा तपासून घेणे हा उपाय आहे.

प्रश्न : मॅग्नेशियम आणि पोटॅशियम या दोन्ही गोळ्या घ्याव्यात असे सगळीकडे वाचतो. त्या सुरू करू का?

उत्तर : या दोन गोळ्यांची नावे नेहमी जोडीने घेतली जातात, पण त्यांच्यातील धोका सारखा नाही. प्रौढ व्यक्तीला दिवसाला साधारण ३१० ते ४२० मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागते. अख्खी धान्ये आणि डाळी ताटातून गेल्या की त्याचा एक मोठा स्रोत जातो, आणि त्यांच्या जागी बदाम, भोपळ्याच्या बिया व पालेभाज्या आल्या नाहीत तर तूट खरोखरच पडू शकते. गोळी घ्यायचीच असेल तर त्यातील क्षाराचे एकूण वजन न पाहता प्रत्यक्ष मॅग्नेशियम किती आहे ते पाहावे. मॅग्नेशियम ऑक्साइड कमी शोषले जाते, सायट्रेट त्याहून बरे शोषले जाते. मात्रा वाढली की दोन्हींनी जुलाब होऊ शकतात. अमेरिकेतील मानकांनुसार प्रौढांनी पूरक गोळ्यांतून दिवसाला ३५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मॅग्नेशियम घेऊ नये. पायांत येणारे गोळे त्याने थांबतील अशी खात्री मी देणार नाही, कारण त्याबाबतचा पुरावा फारसा अनुकूल नाही.

पोटॅशियमची गोळी मात्र स्वतःच्या मनाने मुळीच सुरू करू नये. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांच्या, तसेच रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी रक्तदाबाची व हृदयाची औषधे घेणाऱ्यांच्या रक्तात पोटॅशियम साचू शकते आणि हृदयाचा ठेका बिघडू शकतो. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठ हेही अनेकदा पोटॅशियम क्लोराइड मिसळून केलेले असते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : मला मधुमेह आहे, सहा वर्षे मेटफॉर्मिन घेतो आणि मांसाहार करत नाही. केस गळतात म्हणून बायोटिनही सुरू केले आहे. शिवाय मल्टिव्हिटॅमिन घ्यावे का?

उत्तर : तुमच्या बाबतीत आधी विचार करायचा तो ब-१२चा. दीर्घकाळ घेतलेल्या मेटफॉर्मिनमुळे त्याचे शोषण घटते, आणि ते नैसर्गिकरीत्या मिळते ते प्राणिजन्य अन्नातूनच. तुमच्याकडे ही दोन्ही कारणे एकत्र आली आहेत. रक्तातील पातळी तपासून घ्यावी आणि कमी निघाल्यास त्याच एका जीवनसत्त्वाचे योग्य मात्रेतील औषध घ्यावे. ती तपासणी होईपर्यंत नुसते फॉलिक ॲसिड घेत राहू नये, कारण त्याने रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतून चालूच राहते.

बायोटिनविषयी सावध राहा. त्याच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या निदानासाठी होणाऱ्या ट्रोपोनिनच्या चाचणीचे आकडे चुकू शकतात. रक्त देताना ते घेत असल्याचे आवर्जून सांगावे. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने काही ग्लुकोमीटर साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो : डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचे औषध चालू असेल तर कर्बोदके फार कमी करणे धोक्याचे आहे, कारण रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस (कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याची गंभीर अवस्था) होऊ शकतो.

प्रश्न : गर्भधारणेचा विचार आहे. हा आहार चालू ठेवून कोणते पूरक घ्यावे?

उत्तर : फॉलिक ॲसिड, रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून. डाळींत फोलेट (याच जीवनसत्त्वाचे अन्नातील रूप) भरपूर असते आणि अनेक देशांत पिठातही फॉलिक ॲसिड मिसळले जाते. तुम्ही हे दोन्ही सोडले असेल, तर गोळी चुकवून चालणार नाही. अपस्मार, मधुमेह किंवा आधीच्या बाळात मज्जानलिकेचा (मेंदू व मज्जारज्जू ज्यातून घडतात त्या नलिकेचा) दोष असेल तर मात्रा डॉक्टर ठरवतील. रेटिनॉलच्या रूपातील अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र टाळाव्यात, आणि यकृत खाणेही. अतिरिक्त रेटिनॉलमुळे गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. आहार इतका कडक ठेवावा का, हे तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी गर्भधारणेपूर्वीच बोलून घ्यावे.

प्रश्न : मी थायरॉइडची गोळी, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हे सगळे सकाळी एकदमच घेते. चालेल ना?

उत्तर : नाही. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीचे शोषण अडवतात. त्यांच्यात किमान चार तासांचे अंतर हवे. ती गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी, लोह दुपारी, चहा-कॉफीपासून दूर, आणि तेही तपासणीत कमी निघाले असेल तरच. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व रात्रीच्या जेवणासोबत घेतल्यास सोयीचे होईल, कारण ड स्निग्ध पदार्थांसोबत चांगले शोषले जाते आणि तुमच्या आहारात त्यांची वाण नसावी.