बुकिंग झालं आणि झोप उडाली

"मॅडम, झोप लागत नाही. बाकी काहीच प्रॉब्लेम नाही."

मी समुपदेशक. समोर चोवीस वर्षांचा मुलगा. पहिली नोकरी, घरी भांडण नाही, प्रेमभंग नाही. तब्येत डॉक्टरांनी तपासून झालेली. कधीपासून, म्हटलं तर "सतरा दिवस झाले." इतका नेमका आकडा कुणी सांगितला की त्या दिवशी काहीतरी घडलेलं असतं. विचारलं. "काही नाही हो. बाइक बुक केली त्या दिवशी."

(ओळख पटू नये म्हणून माणसांचे तपशील मी बदलले आहेत. गाडीचे बदललेले नाहीत. ते बदलले तर गोष्टच उरत नाही.)

गाडी सहाशे सीसीची, चार सिलिंडरची सुपरस्पोर्ट, म्हणजे शर्यतीच्या गाडीच्या घडणीची, पण रस्त्यावर चालणारी. त्याआधी त्याने चालवलेली म्हणजे घरची स्कूटर, आणि अधूनमधून मित्राची सव्वाशेची बाइक.

पहिली बैठक मी वाया घालवली. तरुण मुलगा, मोठी गाडी, उडालेली झोप, म्हणजे वडिलांचा विरोध असणार, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं आणि तासभर वडिलांभोवती फिरत राहिले. तो बिचारा उत्तरं देत होता. वडील काहीच बोलले नव्हते, एवढंच त्यातून निघालं.

दुसऱ्या वेळी म्हटलं, "मला गाडीबद्दल सांग." चेहराच बदलला त्याचा. ११५च्या पुढे हॉर्सपॉवर, वजन दोनशे किलोच्या आत, शून्यापासून शंभरचा वेग साधारण साडेतीन सेकंदांत. खरी ताकद दहा-बारा हजार आरपीएमच्या (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) वर. खाली गाडी सभ्य, वर गेली की एकदम उसळते. अर्धा तास तो बोलत होता. मग मी विचारलं, "तू बसलास का कधी अशा गाडीवर?"

तो गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाला, "एकदा."

मोकळं मैदान, ओळखीतल्या कुणाची तरी तशीच गाडी. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, रेस जरा जास्त झाली. गाडी पुढे झेपावली, अंग मागे गेलं, आणि हँडल घट्ट धरलेलं असल्याने मागे जाणाऱ्या अंगाबरोबर मनगटानेही रेस आणखी पिळली. कुंपण समोर आलं. डाव्या हाताने क्लच कसा ओढला ते त्याला आठवत नाही. गाडी थांबली, कुणी पाहिलं नव्हतं, त्याने कुणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी त्याने तीच गाडी बुक केली.

"का रे?"

"घाबरलो असं व्हायला नको म्हणून."

कुणाला वाटायला नको, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

या वयाच्या मुलांकडून आणि त्यांच्या पालकांकडून माझ्याकडे एक प्रश्न फिरून फिरून येतो: छोटी स्पोर्ट बाइक घेतली तर सहा महिन्यांत कंटाळा येईल, मग पहिल्यापासून मोठीच का नको? मुलगा जबाबदार आहे, हळू चालवेल. याच मुलाचंही तेच म्हणणं होतं. "मी स्वतःवर कंट्रोल ठेवीन, मॅडम." मला त्याच्या शब्दावर शंका नव्हती. पण कंट्रोल ठेवता येतो तो ठरवून पिळलेल्या रेसवर. त्या मैदानात त्याने काही ठरवलंच नव्हतं. मन पोचायच्या आत मनगट हललं होतं. नव्या माणसाच्या चुका अशाच होतात. स्वभाव कितीही शांत असला तरी दचकलेलं मनगट स्वभावाला विचारत नाही.

मी त्याच्यापुढे कागद ठेवला. वर लिहायला लावलं, 'पहिल्या वर्षात माझ्याकडून होणाऱ्या चुका.' होऊ शकणाऱ्या नाही, होणाऱ्या. त्याने अकरा लिहिल्या. वळणाच्या मध्येच वेग जास्त वाटून पुढचा ब्रेक दाबणं. न्यूट्रल समजून सिग्नलला क्लच सोडणं. खडी दिसली की खडीकडेच बघत राहणं (आणि गाडी नजरेमागे जाते, हे त्याचं त्यालाच ठाऊक होतं). उतारावर यू-टर्न घेताना पाय न टेकणं. घाबरून रेस पिळणं शेवटी आलं, तेही दोनदा खोडून.

मग प्रत्येक चुकीसमोर त्यालाच लिहायला सांगितलं: ही गाडी काय करेल, आणि तीनशे-चारशेची दोन सिलिंडरची स्पोर्ट बाइक काय करेल. दिसायला दोन्ही सारख्याच: पुढे झुकून बसायचं, फेअरिंग (गाडीभोवतीचं प्लास्टिकचं आवरण), खाली बसवलेलं क्लिप-ऑन हँडल. पण यामाहाच्या आर-थ्रीसारख्या ३२१ सीसीच्या गाडीची ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर. तिथे मनगट चुकलं तर गाडी जोरात पुढे जाते, माणूस दचकतो, सावरायला क्षणभर मिळतो. सहाशेवर त्याच क्षणात वेग कितीतरी वाढलेला असतो. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. ब्रेकचंही तसंच. सुपरस्पोर्टचे पुढचे ब्रेक दोन बोटांनी हळूहळू दाबायचे असतात, मूठ आवळून नाही. घाबरलेला माणूस मूठच आवळतो.

माझ्या ओळखीचे एक बाइक-प्रशिक्षक आहेत, त्यांना मी मधल्या आठवड्यात फोन केला होता. त्यांनी हॅरी हर्ट या अमेरिकी संशोधकाच्या १९८१च्या अहवालाची आठवण करून दिली. लॉस एंजेलिस परिसरात दुचाकींच्या नऊशे अपघातांची जागेवर जाऊन तपासणी झाली होती. त्यातल्या चालकांना रस्त्याचा अनुभव नव्हता असं नाही. पण त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिनेही झाले नव्हते. नव्या गाडीवर जुना माणूसही नवाच असतो. याच्या बाबतीत दोन्ही नवे.

युरोपात नवख्यांसाठी ए-टू नावाचं लायसन्स आहे: ३५ किलोवॅट, म्हणजे साधारण ४७ हॉर्सपॉवरची मर्यादा, आणि पुढच्या टप्प्याआधी किमान दोन वर्षं. हे मी सांगायला गेले तर म्हणाला, "माहितीय. वाचलं होतं. पुढे स्क्रोल केलं."

समुपदेशकाने निर्णय देऊ नये, असं आम्हाला शिकवलेलं असतं आणि एरवी मी ते पाळते. या वेळी पाळलं नाही. सरळ म्हटलं, "ही गाडी आत्ता घेऊ नकोस. तुझ्या शरीराला हे मैदानातच कळलंय, म्हणून ते झोपत नाहीये." बाकीचं त्याचं त्यानेच जमवलं: चारशेची, वापरलेली, फेअरिंगवर आधीचेच ओरखडे असलेली, कारण पहिल्या वर्षात गाडी एकदा तरी आडवी होते आणि नवं फेअरिंग फुटलेलं बघवत नाही. एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असलेलीच. वाचलेल्या पैशांतून हेल्मेट, हातमोजे, जॅकेट, बूट, आणि प्रशिक्षकांकडे चार रविवार.

लगेच झोप लागली, असं मात्र झालं नाही. बुकिंग रद्द केलं, त्यात थोडे पैसे गेले, मित्र हसायचे ते हसलेच. आठवडाभर तो हरल्यासारखा होता. मित्रांना मैदानातली गोष्ट सांगावी असं मी सुचवलं. त्याने एकालाच सांगितली. त्या मित्राने स्वतःची तशीच गोष्ट सांगितली, म्हणे.

तिसऱ्या बैठकीला वडील आले. मी अजूनही मनात कुठेतरी विरोधाची वाट बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "पडली तर याला एकट्याला उचलता येईल का?"

खरं तर वजनात दोन्ही गाड्यांत फार फरक नाही, वीस-पंचवीस किलो. पण प्रश्न चांगला होता. तो मी प्रशिक्षकांकडे पोचवला आणि पहिल्या रविवारी त्यांनी तेवढंच शिकवलं. सीटला पाठ लावायची, हँडल पूर्ण वळवून धरायचं, आणि कंबरेने नव्हे तर पायांच्या जोराने, छोटी पावलं टाकत मागे ढकलायचं.

दोनेक महिन्यांनी त्याचा मेसेज आला. यू-टर्न घेताना गाडी जागच्या जागी उजवीकडे आडवी झाली होती. इंजिन बंद केलं, गिअरमध्ये टाकली, उचलायच्या आधी साइड स्टँड उघडून ठेवला म्हणजे पलीकडे पडणार नाही, मग पाठ लावून उचलली. आरशाची काच गेली. बाबांना सांगितलं.

मी विचारलं, काय म्हणाले?

"गाडीचं काहीच नाही. विचारलं, एकट्याने?"