आधी भावाच्या दारात जा

प्रश्न: आम्ही वसईचे कॅथलिक. तीन वर्षांपूर्वी वाडी विकली, बावखल (वाडीतलं तळं) बुजवलं, तिथे आता बिल्डिंग आहे. बंगला झाला, गाडी आली, पण संध्याकाळची रोझरी (माळेवरची प्रार्थना) बंद पडली आणि हिश्श्यावरून धाकट्या भावाशी बोलणंही. त्याला थोडं कमी गेलं हे मलाही माहितीये. आता आईवडिलांच्या नावाने देवळाला (चर्चला) मोठी देणगी द्यायची आहे, पाटी लागेल. तरी मन लागत नाही. श्रीमंत होणं पाप आहे का?

उत्तर: दादा, पैसा असणं पाप नाही. यरीहोचा जक्कय श्रीमंतच होता की, मुख्य जकातदार, आणि येशू स्वतःहून त्याच्या घरी उतरला. पण बायबलमधल्या लूकच्या 19व्या अध्यायात पुढे बघा, जक्कय म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला नाडलं त्याला चौपट परत करतो. म्हणजे ज्याचं घेतलं त्याच्याकडेच पैसा परत जातो.

तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य मी चारदा वाचलं, 'त्याला थोडं कमी गेलं हे मलाही माहितीये'. मन तिथेच अडकलंय हो तुमचं, बंगल्यात नाही. मत्तय 5:23-24 काढून वाचा, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. इतकं स्पष्ट सांगितलंय येशूने, आणि आपण दर रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) ऐकून घरी येतो.

पाटीचं म्हणाल तर यरुशलेमच्या मंदिराच्या पेटीत श्रीमंतांनी भरपूर टाकलं, येशूने दाखवली ती दोन टोल्या (अगदी क्षुल्लक नाणी) टाकणारी विधवा, तिचं तर नाव सुद्धा मार्कने लिहिलेलं नाही. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनचा ठरलेला पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' या ख्रिस्तभक्तांच्या मेळ्याच्या कामाला लागले, घरसंसार असताना. तुम्ही तसंच करा असं मी म्हणत नाही, पण हिश्श्यातला फरक तर देता येईल ना?

वकील नको, मध्यस्थ नको. व्यवहाराचे कागद घ्या, बायकोला सोबत घ्या आणि भावाकडे जा. दार उघडलं नाही तर पुढच्या आठवड्यात परत जा. आणि रोझरी आज रात्रीच सुरू करा, टीव्ही बंद करून, पोरं नाही बसली तरी तुम्ही दोघं बसा, आणि पहिलं गूढ (रोझरीचा पहिला भाग) भावाच्या नावाने म्हणा.